शाळेचे अंतर आणि रस्त्याचा धोका : एक चिकित्सा

शिक्षणहक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १, तर सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरविले. मानव विकास कार्यक्रमाने ठराविक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींचे सायकल-अनुदान २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये केले. दोन्ही तरतुदी स्वागतार्ह होत. परंतु त्या अंतर मोजतात, धोका नव्हे. अलिबाग-रेवदंडा-मुरूड रस्ता नारळ-सुपारीच्या वाड्यांतून जाताना अरुंद होतो. शनिवारी सकाळच्या शाळेला निघालेली मुले आणि पर्यटकांची वाहने तेथे समोरासमोर येतात. अशा ठिकाणी ३ किलोमीटर कागदावर जवळ, पायी मात्र दुस्तर ठरतात. म्हणून पदपथ व गतिरोधक यांवरील खर्चही शैक्षणिक खर्चच मानला पाहिजे.