सालोमालोला सगळं पाठ होतं

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या एका मैत्रिणीचा पहिला कथासंग्रह आला. कॉलेजात आम्ही दोघं मिळून भित्तिपत्रक चालवायचो. नंतर दोघंही आयटीत लागलो आणि रात्री एक-दीड वाजता एकमेकांना कथांचे कच्चे खर्डे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत राहिलो. जवळपास सात वर्षं. मुखपृष्ठाचा फोटो आला तेव्हा मी ऑफिसच्या सकाळच्या कॉलवर होतो. माइक बंद केला, ‘कसलं भारी! मनापासून अभिनंदन!!’ असं टाइप केलं, तीन बदाम जोडले आणि तिचं स्टेटस म्यूट केलं.

पुस्तक मागवलं. दोन दिवसांत आलं. प्लास्टिकचं वेष्टन पुढचे सात महिने निघालं नाही. कुणी विचारलं की सांगायचो, ‘वाचतोय, सावकाश.’ दरम्यान पुस्तकावर चांगलं लिहून आलं, एका पुरस्काराच्या यादीत तिचं नाव आलं. ती प्रत्येक बातमी मी दोनदा वाचली. पुस्तक मात्र एकदाही नाही.

मराठीत या अवस्थेला फार नेमका शब्द आहे: जळणं. ‘मत्सर’ हा पुस्तकातला शब्द झाला. जळणं हे शरीरात होतं, छातीच्या जरा खाली.

हे सगळं सांगतोय ते एका जुन्या चित्रपटामुळे. साताऱ्याहून आई-बाबा आले होते. मी रावेतला राहतो, देहू तिथून जवळ, म्हणून रविवारी त्यांना देहूला नेलं. घरी आल्यावर बाबांनी टीव्हीवर यूट्यूब उघडून ‘संत तुकाराम’ लावला. १९३६ सालचा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेत, गौरी जिजाई. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला होता, एवढं मला क्विझमुळे माहीत होतं. चित्रपट कधी पाहिला नव्हता.

सुरुवातीला तुकाराम डोळे मिटून विठ्ठलाचं गाणं म्हणतोय. साधं, एका लयीत. मग दृश्य बदलतं आणि मंदिरात सालोमालो तेच गाणं गातो. ताना घेत, हातवारे करत, जमलेल्या लोकांकडे बघत. आणि रचना आपलीच असल्याचं सांगतो. आई-बाबा हसले. मी मोबाइल हातात घेतला, कारण मला हसता येईना.

सालोमालो ही पटकथाकाराची कल्पना नाही. तुकोबांच्या गाथेतच त्याच्या नावाचे अभंग आहेत. दुसऱ्याचं आहे ते आपलं म्हणवतात आणि मूळ शब्दांचा सत्यानाश करतात, अशी त्यांत तक्रार आहे. चोरीची रीतही समजण्यासारखी आहे. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’ काढायचं, तिथे आपलं नाव घालायचं, जमेल तसं वृत्त सांभाळायचं. झालं. आज आपण याला फाइंड अँड रिप्लेस म्हणू.

पण नाव बदलण्याआधी त्याला एक काम करावं लागलं असेल, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. त्याला ते अभंग पाठ करावे लागले असतील. कुठला उचलायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवावं लागलं असेल. चित्रपटात तुकारामाच्या भोवती कोण कोण आहे ते पाहा. गावातली साधी माणसं त्याचं गाणं म्हणतात, कारण ते त्यांना आपलं वाटतं. जिजाईला घरातल्या रिकाम्या डब्यांची काळजी आहे, आणि ती अगदी रास्त आहे. रामेश्वरशास्त्री अधिकाराचा प्रश्न घेऊन येतात: या माणसाला हे लिहिण्याचा हक्क कुणी दिला? ‘हे लेखन किती चांगलं आहे’ हे लेखक म्हणून मोजणारा माणूस त्या गावात एकच आहे, तो सालोमालो. हे आपल्याला कधीच जमणार नाही, हेही त्याला कळलंय. जळायला आधी कळावं लागतं. वाईट लिहिणाऱ्याच्या यशाची आपण टिंगल करतो आणि विसरतो. झोप उडते ती चांगलं लिहिणाऱ्यामुळे.

इथे मला या चित्रपटाबद्दल तक्रार आहे. दिग्दर्शकांनी सालोमालोला विदूषक करून टाकलं. तो कट करतो, फजीत होतो, पुन्हा कट करतो. त्याच्या घरात, तो एकटा असताना, कोऱ्या कागदासमोर बसलेला आपल्याला कधी दिसत नाही. त्याला गाता येतं, लोकांना धरून ठेवता येतं, म्हणजे अंगात काहीतरी आहे. ते का पुरलं नाही, याचा विचार चित्रपट करत नाही. त्यामुळे प्रेक्षक सुखरूप सुटतो. आपण कुणीच असे कपाळभर गंध लावलेले ढोंगी नसतो, म्हणून आपण कुणीच सालोमालो नाही, असं समजून हसायला मोकळे होतो.

‘अमाडेअस’ (१९८४) या मिलोश फॉर्मनच्या चित्रपटात हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली आहे. तिथे जळणारा सालिएरी स्वतःच कथा सांगतो. मोत्झार्टची बायको नवऱ्याची हस्तलिखितं घेऊन त्याच्याकडे येते. तो पानं चाळत जातो, कागदावरच्या खुणांतून त्याला संगीत ऐकू येऊ लागतं आणि पानं हातातून गळून पडतात. मोत्झार्टचं संगीत म्हणजे काय हे त्या चित्रपटात सगळ्यांत नेमकं सालिएरीच सांगतो. गंमत म्हणजे खऱ्या इतिहासात सालिएरीने मोत्झार्टला मारल्याचा काही पुरावा नाही. उलट पुढे मोत्झार्टचा धाकटा मुलगा त्याच्याकडे संगीत शिकला. चित्रपटाने इतिहासाशी सवलत घेतली, पण जळणाऱ्या माणसाला बुद्धी दिली. प्रभातच्या चित्रपटाने तुकारामाला सगळं दिलं आणि सालोमालोला फक्त शेंडी.

ऑक्टोबरमध्ये मी माझी एक कथा पुन्हा लिहायला घेतली. तिच्यात एक प्रसंग होता. वडील वारल्यानंतर पंधरा दिवसांनी शिंपी त्यांची नवी पँट घेऊन दारात येतो. आई पँट हातात घेते, शिलाई नीट आहे का बघते आणि पैसे आणायला आत जाते. हा प्रसंग मला फार आवडला होता. कथेतलं सगळ्यात चांगलं तेच होतं. तिसऱ्यांदा वाचताना मात्र काहीतरी खटकलं. मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, मैत्रिणीच्या चॅटमध्ये ‘इस्त्री’ शब्द शोधला. चार वर्षांपूर्वी, रात्री १ वाजून १२ मिनिटांनी तिने पाठवलेला खर्डा. वडील वारल्यावर इस्त्रीवाला त्यांचे शर्ट घेऊन येतो, आई ते मोजून घेते आणि पैसे देते. खाली माझा मेसेज: ‘हे जबरदस्त आहे.’

हॉस्टेलला असताना आम्ही दुसऱ्याची असाइनमेंट कॉपी करायचो, तेव्हा कोडमधली व्हेरिएबलची नावं बदलायचो. सरांना कळू नये म्हणून. मी इस्त्रीवाल्याचा शिंपी केला होता आणि शर्टाची पँट. फरक इतकाच, की हॉस्टेलला आम्हाला माहीत असायचं आपण काय करतोय. सात महिने मी तिचं पुस्तक उघडलं नव्हतं, आणि तिचं लेखन मला पाठ होतं.

अशा वेळी मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ‘दुसऱ्यांशी तुलना करू नकोस, आपल्या वाटेने चाल.’ पोहणाऱ्याला ‘ओला होऊ नकोस’ म्हणण्यासारखं आहे ते. लिहिणारा माणूस वाचतो तेव्हा तुलना करतच वाचतो. हे वाक्य इथेच का थांबलं, मी असतो तर कुठे थांबलो असतो, हे पाहिल्याशिवाय त्याला शिकताच येत नाही. आणि तुलना टाळण्यासाठी मी जे केलं, म्हणजे वाचणं बंद, त्याचा परिणाम वर सांगितलाच.

मला जास्त उपयोगी पडला तो रामेश्वर भट. चित्रपटातही तो आहे, पण वारकरी परंपरेत त्याची गोष्ट जास्त तपशिलात सांगतात. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारा हा विद्वान. पुढे एका फकिराच्या शापाने त्याच्या अंगाचा दाह सुरू झाला. काही केल्या थांबेना. तो आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी जाऊन राहिला, तिथे त्याला दृष्टांत झाला, आणि तुकोबांनी त्याच्यासाठी एक अभंग लिहून पाठवला. तो वाचल्यावर दाह शमला.

आपण चमत्कार म्हणून ही गोष्ट ऐकतो आणि सोडून देतो. मला तिच्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या वह्या बुडवल्या, त्याचंच लेखन समोर येतं. ते वाचावं लागतं. जळणं थांबतं ते वाचल्यावर. आणि रामेश्वर भट तिथे थांबला नाही. त्याने तुकोबांवर लिहिलं. आजही देहूत आणि वारीत म्हटली जाणारी तुकारामांची आरती त्याच्या नावावर आहे, आणि तिच्या शेवटी त्याची नाममुद्रा आहे. सालोमालोला स्वतःचं नाव टिकवायला दुसऱ्याचं खोडावं लागलं आणि आज ते नाव फक्त तक्रारीत उरलंय. रामेश्वराने दुसऱ्याबद्दल लिहून त्याखाली आपलं नाव घातलं आणि ते तसंच राहिलं.

नावाचं काही वाटून घेऊ नये, असं मला म्हणायचं नाही. पागनीसांचा शांत, भोळा तुकाराम पाहताना तसं वाटतं खरं. पण गाथेतला तुकाराम सालोमालोवर चिडलेला आहे. आपले शब्द दुसऱ्याने आपले म्हणून मिरवलेले त्याला चालत नाहीत. तो संत होता आणि लेखकही होता. चित्रपटाने त्यातला लेखक थोडा कमी केला.

याच चित्रपटात नावाची एक तिसरी गोष्टही लपली आहे. त्यातलं ‘आधी बीज एकले’ हे गाणं तुकोबांचं नाही. ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलं, केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. ते तुकोबांच्या भाषेत इतकं मुरलेलं आहे की आजही अनेकांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो. माझ्या बाबांनाही वाटत होता. पडद्यावर सालोमालो तुकारामाचं गाणं आपल्या नावावर खपवत होता, आणि त्याच चित्रपटातलं आठवल्यांचं गाणं लोकांनी तुकारामाच्या नावावर जमा केलं. आठवल्यांनीही तुकोबा पाठ केले असणारच. पण त्या पाठांतरातून त्यांनी नवीन गाणं काढलं.

मी वेष्टन फाडलं. तीन रात्रींत, हातात पेन्सिल घेऊन पुस्तक वाचलं. पाचवी कथा मला कच्ची वाटली आणि खोटं कशाला सांगू, तासभर फार बरं वाटलं. मग ती कच्ची का आहे ते शोधायला गेलो आणि त्या नादात बाकीच्या आठ कथा का चांगल्या आहेत ते दिसायला लागलं. ती दुःखाच्या प्रसंगात पात्रांच्या हाताला काहीतरी काम देते. मोजणं, निवडणं, घडी घालणं. पाचव्या कथेत हात रिकामे आहेत आणि म्हणून माणसं बोलत सुटतात. हे सगळं मी तिला मेलमध्ये लिहिलं. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू करताना आपण ओळीओळीवर थांबतो, तसं. शेवटी शिंप्याचं आणि इस्त्रीवाल्याचं सांगितलं. सात महिन्यांचंही सांगितलं. ‘सेंड’ दाबायला एक दिवस लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. पाचव्या कथेवरून आम्ही अर्धा तास भांडलो. मग ती म्हणाली, ‘अरे, पण तुझ्या कथेत आई पैसे घेऊन बाहेर येते तेव्हा शिंपी निघून गेलेला असतो. माझा इस्त्रीवाला पैसे घेतो. तुझा का घेत नाही?’

मला उत्तर माहीत नव्हतं.

‘मग कथा तिथून लिही ना,’ ती म्हणाली. ‘माझं काय आहे ते राहू दे माझ्याकडे.’

पँटचा प्रसंग मी काढून टाकला. आता कथा शिंप्याच्या दुकानात सुरू होते, आणि वडिलांनी त्याच्यासाठी कधीतरी काहीतरी केलं होतं असं निघतंय. अजून पूर्ण झालेली नाही. तिचं दुसरं पुस्तक डिसेंबरात येतंय, हे तिने त्याच फोनवर सांगितलं. ऐकताना छातीच्या जरा खाली ओळखीचं काहीतरी झालं. मी तिला म्हणालो, खर्डा पाठव. रात्री १ वाजून ४० मिनिटांनी तो आला, आणि मी उठून पेन्सिल शोधली.