ठराव २४२ : एका वाक्याचं रसग्रहण

सुरक्षा परिषदेचा ठराव व्याकरणाच्या दृष्टीने एकच लांब वाक्य असतो. कर्ता सुरुवातीला येतो, पण मुख्य क्रियापद गाठायला सगळी उद्देशिका ओलांडावी लागते. ब्रिटनचे लॉर्ड कॅराडन यांनी मांडलेला आणि २२ नोव्हेंबर १९६७ला एकमताने संमत झालेला ठराव २४२ असाच आहे. त्याच वर्षी जूनमधल्या सहा दिवसांत इस्रायलने सिनाई, गाझा, पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या घेतल्या होत्या.

उद्देशिकेतली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो. युद्धाने प्रदेश मिळवणं ग्राह्य नाही, यावर ती भर देते. तिथला ‘युद्ध’ हा शब्द फार मोलाचा. ‘आक्रमण’ म्हटलं असतं, तर पहिली गोळी कुणाची यावरच सगळं अडलं असतं. इथे तो प्रश्नच उरत नाही. बचावासाठी लढून जिंकलात, तरी जमीन तुमची होत नाही. ताबा आहे, हे ठराव नाकारत नाही. ताब्यातून मालकी निघते, हे मात्र तो मानत नाही. बांधावरून भांडलेल्या कुणाही शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

त्याच ओळीत एक ‘आणि’ येतो, आणि त्यापुढे प्रत्येक राष्ट्राला सुरक्षित जगता येईल अशी शांतता. जमीन गमावलेल्याचं दुःख आणि जिंकलेल्याची भीती, दोन्हींना एकाच ओळीत जागा देणारा हा ‘आणि’ मला सुंदर वाटतो.

वाद मात्र खालच्या कलमावर झाला. सैन्य मागे घ्यायचं ते ‘प्रदेशांतून’. इंग्रजीत या शब्दाआधी ‘द’ नाही, फ्रेंच पाठात निश्चित उपपद आहे. मग काही प्रदेशांतून की सगळ्याच? मराठीला असं उपपदच नाही, त्यामुळे हा पेच आपल्या भाषेत उतरतही नाही. माझ्या मते उत्तर वरच्या ओळीत आहे. वाक्य एकच असेल, तर त्याचा शेवट सुरुवातीला खोडून काढू शकत नाही. दोघांच्या संमतीने सीमा सरकेल, ताब्याच्या जोरावर नाही.

डिसेंबर १९८१मध्ये इस्रायलने गोलानला आपला कायदा लागू केला. परिषदेने ठराव ४९७ने, पुन्हा एकमताने, तो निर्णय रद्दबातल ठरवला. त्यात जुनी ओळ परतली, फक्त ‘युद्धा’च्या जागी ‘बळ’ आलं. एप्रिल १९८२मध्ये, करारानुसार, उरलेला सिनाई इजिप्तला परत मिळाला. गोलान अजून इस्रायलच्याच ताब्यात आहे.