‘मुखपृष्ठ समर्पक आहे’

रविवारच्या पुरवण्यांमधली पुस्तक-परीक्षणे परवा ओळीने वाचून काढली. निवेदनाबद्दल तीन परिच्छेद, भाषेबद्दल एक, लेखकाच्या आधीच्या पुस्तकांशी तुलना. आणि शेवटी, पृष्ठसंख्या व किंमत येण्याच्या जरा आधी, तेच वाक्य: मुखपृष्ठ समर्पक आहे. कुठे ‘बोलके’, कुठे ‘निर्मिती देखणी’. कशाला समर्पक, हे कोणी सांगत नाही. त्यांतली दोन पुस्तके माझ्या टेबलावर आहेत. दोन्हींवर संगणकाकडून काढून घेतलेले चित्र आहे: पाठमोरी बाई, धुके, दूरवर डोंगर. एका पुस्तकात दुष्काळी गाव आहे, दुसऱ्यात चाळ. दोन्हींना तेच धुके कसे चालते, हा प्रश्न परीक्षकांना पडला नाही. म्हणून हा लेख.

मराठी माणसाला चिकित्सा नवी नाही. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपातून बाहेर पडणारा माणूस गायकाचा कोमल धैवत कुठे घसरला, हे सांगत सांगतच घरी जातो. केशवराव भोळे स्वतः संगीतकार होते आणि ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर परखड लिहीत होते. नाटकाला माधव मनोहर लाभले, कथा-कवितेला ‘सत्यकथा’ मासिक लाभले. त्या भांडणांतून आपला कान तयार झाला आणि वाचन तयार झाले. डोळा मात्र तसाच राहिला. ज्या अक्षरांतून आपण सगळे वाचतो, त्यांच्याबद्दल भांडायला आपल्याकडे भाषाच नाही.

सुरुवात तशी चांगली झाली होती. द. ग. गोडसे मुखपृष्ठे करत, नेपथ्य करत आणि त्याच हाताने ‘पोत’सारखे पुस्तक लिहीत. वसंत सरवटे यांनी आयुष्यभर कथाचित्रे व व्यंगचित्रे काढली आणि ‘परकी चलन’ या पुस्तकात परदेशी व्यंगचित्रकारांची रेषा उलगडून दाखवली. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा इंग्रजी ग्रंथ 1971 साली राज्याच्या भाषा संचालनालयाने काढला. तिघेही काम करणारे होते आणि कामाबद्दल बोलणारेही. त्यांच्यानंतर काम करणारे वाढले, बोलणारे आटले.

आजच्या कामाकडे बघू. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. तिथे मजकूर नसतो, फक्त चेहरे असतात. सिनेमा-नाटकांच्या नावांसाठी सध्या ब्रशचे जे फराटे चालतात, तेही मला थकलेले वाटतात. कमल शेडगे यांनी प्रत्येक नाटकाच्या नावाला त्या नाटकाचा स्वभाव दिला. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी फक्त जोर घेतला, त्यामुळे ऐतिहासिक, कौटुंबिक, विनोदी सगळी नावे एकाच आवेशात ओरडतात. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे अजून दीनानाथ दलालांच्या सावलीतून बाहेर आलेली नाहीत. सावलीला रंग मात्र दलालांचा नाही.

खरे काम होत आहे ते छापील आणि पडद्यावरच्या मजकुराच्या अक्षरात. या वाटेला पुण्याचा मोठा हातभार आहे. ल. श्री. वाकणकर आणि मुकुंद गोखले यांनी इथे बसून देवनागरीच्या घडणीचा ध्यास घेतला. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतील असे खुले केले. पूर्वी जे काम एखाद्या टाइप फाउंड्रीलाच शक्य होते, ते आज दोन-चार जाणती माणसे करतात, आणि त्यांच्या हातात बोरूची आठवण आहे. देवनागरीचा बोरू इंग्रजी टाकाच्या उलट्या तिरपेने छाटलेला असतो, म्हणून आपल्या अक्षरात जाड-बारीक इंग्रजीपेक्षा वेगळ्या जागी येते. हे ज्याला कळते त्याचा ‘अ’ पानावर उभा राहतो. ज्याला कळत नाही, त्याचा ‘अ’ इंग्रजीचा सदरा घातल्यासारखा दिसतो.

पण या आवडत्या कामालाही मी प्रश्न विचारणार. ‘मुक्ता’ची रेषा जवळजवळ एकसारख्या जाडीची आहे. मोबाइलवर, पाटीवर, तक्त्यात तिच्याइतके स्वच्छ थोडेच फॉन्ट वाचले जातात. तीच चारशे पानांच्या कादंबरीला लावली की पान सपाट होते, डोळ्याला धरायला चढउतार उरत नाही. ‘मंगल’ त्या काळच्या पडद्यासाठी केलेला होता. तो लग्नपत्रिकेवर आणि पुस्तकात छापणे ही निवड करणाऱ्याची चूक आहे, जोशींची नव्हे. एवढे साधे निदानही मला मराठीत लिहिलेले क्वचित आढळते. अशा टीकेने ‘मुक्ता’ लहान होत नाही. ती कुठे वापरावी हे कळते, आणि पुढच्या फॉन्टला दिशा मिळते.

बोलण्यासारखे किती आहे पाहा. मात्रा, रफार, वेलांट्या वर आणि उकार खाली, म्हणून देवनागरीला दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. डीटीपीवाला इंग्रजीचेच अंतर ठेवतो आणि वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीच्या ‘कै’वर आदळतो. अक्षर ठळक करताना शिरोरेषा तेवढीच जाड केली की ‘भ’ आणि ‘म’ दुरून सारखे दिसतात. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले. युनिकोडमध्ये अक्षराच्या मराठी आणि हिंदी वळणाला एकच क्रमांक आहे, रूप फॉन्ट ठरवतो. तरीही मराठी पुस्तकांत हिंदी वळणाचा ‘ल’ बिनदिक्कत येतो आणि मुद्रितशोधकही थांबत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक अर्थाचा आहे. फॉन्टने तो ‘ऱ्या’ नीट दिला नाही, तर स्वयंपाक्यांचे गुरू होतात.

आणि आपण काय मोजतो? 2022 च्या कायदा-दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरवले. 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. पण लक्ष्मी रस्त्याने चालत जा. अक्षरे कायद्याइतकी मोठी झाली आहेत आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजी नावाशेजारी एखादा हाताला लागला तो फॉन्ट ताणून बसवला आहे. भाषेचा अभिमान आपण इंचात मोजला. रूपाबद्दल एकही मोर्चा निघाला नाही, एकही लेख गाजला नाही.

मला सांगितले जाते की हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, गिऱ्हाईक जे मागते ते द्यावे लागते. आवड कारण देऊ शकत नाही. समीक्षा कारण देते, म्हणून गिऱ्हाइकासमोर बसलेल्या चित्रकाराला तिचाच आधार मिळतो. आज त्याच्याकडे ‘मला हे बरे वाटते’ एवढेच वाक्य असते आणि ते गिऱ्हाइकाकडेही असते. कला महाविद्यालयांत विद्यार्थी ‘जुरी’पुढे काम मांडतो, ऐकतो, गुण घेतो. ते बोलणे त्या खोलीबाहेर कधी येत नाही. प्रकाशन समारंभात मुखपृष्ठकाराला शाल-श्रीफळ मिळते, मुखपृष्ठावर एक वाक्य मिळत नाही. सत्कार हे मौनाचेच दुसरे रूप आहे. वाईटाला वाईट म्हणायचे नाही, असे ठरवलेल्या समाजात चांगले काम करणाराही एकटा पडतो, कारण त्याने नेमके काय साधले हे ओळखणारा कोणी तयारच झालेला नसतो.

म्हणून विनंती संपादकांना आणि परीक्षकांना आहे. पुढच्या परीक्षणात एक परिच्छेद पुस्तकाच्या देहासाठी ठेवा. अक्षर कोणते, ओळींत जागा किती, ‘ल’ कुठल्या वळणाचा, मुखपृष्ठाने मजकुराचे काय वाचले, हे लिहा. करणाऱ्याचे नाव घ्या आणि चुकले असेल तर तेही नावानिशी लिहा. ‘समर्पक’ हा शब्द मात्र कारण दिल्याशिवाय वापरू नका.