आलेख, ताळेबंद आणि व्याप्ती

मित्रहो, मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे कधीही न चुकणारं साहचर्य, आपल्याला ठाऊक असतं. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, चार्ट बघून शेअर घेतात तेही अनुमानच ना?" त्याला उभ्या उभ्या उत्तर देणं आम्हाला बरं वाटलं नाही. म्हणून आजचं व्याख्यान त्यावर.

शेअर बाजारात दोन पंथ आहेत. एक चार्ट वाचणाऱ्यांचा. भाव आणि उलाढाल यांच्या मागच्या हालचालीत पुढच्या भावाची खूण सापडते, असं हा पंथ मानतो. त्याचं एक मूळ चार्ल्स डाऊ यांच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधल्या लेखांत आहे. दुसरा पंथ ताळेबंद वाचणाऱ्यांचा. कंपनीचा नफा, कर्ज, मालमत्ता पाहून शेअरचं मूल्य ठरवावं आणि भाव त्याहून बराच खाली असेल तरच घ्यावा, असं तो सांगतो. बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांचा 'सिक्युरिटी ॲनालिसिस' हा १९३४ चा ग्रंथ या पंथाचा आधार. दोन्हीकडचे लोक एकमेकांना हसतात. आपण दोघांनाही एकच प्रश्न विचारू: तुमची व्याप्ती कुठे आहे?

आधी चार्टवाले. त्यांची 'हेड अँड शोल्डर्स' ही आकृती घ्या. तीन शिखरं, मधलं सर्वांत उंच. खालच्या दोन तळांना जोडणारी रेषा भावाने तोडली की पुढे घसरण, असं सांगतात. समजा, रेषा तुटली आणि भाव उलट वर गेला. मग उत्तर मिळतं, "तो फॉल्स ब्रेकआउट होता, व्हॉल्यूम कुठे होता?" नैयायिक इथे कान टवकारतात. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे चूक आहे, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या छुप्या अटीला ते उपाधी म्हणतात. आकृतीला व्हॉल्यूम हवा, बाजाराचा कल हवा, वरची बातमी नको, अशा अटी लागत गेल्या, तर काम त्या अटी करतात. आकृती नुसती समोर उभी असते. आणि अटी घटनेनंतर सांगितल्या, तर ते अनुमान राहत नाही, ती सारवासारव होते.

१९५९ साली शिकागोचे हॅरी रॉबर्ट्स यांनी निव्वळ यादृच्छिक आकड्यांचे आलेख काढून दाखवले. ते थेट बाजाराच्या चार्टसारखे दिसत होते. यावरून बाजार यादृच्छिक आहे असं सिद्ध होत नाही. आपल्या डोळ्याला नसलेली आकृतीही दिसते, एवढं मात्र ठरतं.

त्याआधी १९३३ मध्ये आल्फ्रेड कोल्स यांनी डाऊंचा वारसा चालवणारे संपादक विल्यम हॅमिल्टन यांचे १९०३ अखेरपासून १९२९ पर्यंतचे अग्रलेख तपासले. कल बदलल्याचे ९० स्पष्ट इशारे. ४५ बरोबर, ४५ चूक. त्यांच्या सल्ल्याने वर्षाला १२ टक्के मिळाले असते, शेअर घेऊन नुसतं बसणाऱ्याला साडेपंधरा. पण थांबा. १९९८ मध्ये तीन अभ्यासकांनी तेच अग्रलेख पुन्हा तोलले. हॅमिल्टन बराच काळ बाजाराबाहेर राहत, म्हणजे जोखीम कमी घेत. ती धरली तर त्यांची कामगिरी वाईट ठरत नाही. तेव्हा चार्टवाल्यांना सरसकट भोंदू म्हणणं हाही आळसच.

आता ताळेबंदवाले. त्यांचा पाया शब्दप्रमाणावर आहे. कारखाना, बँकखातं, गोदाम आपण पाहत नाही. कंपनी आणि लेखापरीक्षक सांगतात ते मानतो. न्याय म्हणतो, शब्द प्रमाण खरा, पण सांगणारा आप्त हवा. सत्यम कॉम्प्युटर आठवा. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख अस्तित्वातच नाही. भाव त्या एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक पडला. आदल्या महिन्यात मेटासच्या व्यवहारावरून भाव कोसळला, तेव्हा स्टॉपलॉस लावलेला चार्टवाला कारण न कळताही बाहेर पडला असेल. सातारखेला मात्र स्टॉपलॉसनेही हव्या त्या भावाला सुटका दिली नसती.

यांचा दुसरा दोष बारीक आहे. "भाव शेवटी मूल्यापाशी येतोच." शेवटी म्हणजे कधी? मुदत नसलेलं विधान चुकूच शकत नाही. त्यांचं 'शेवटी' आणि चार्टवाल्यांचं 'फॉल्स ब्रेकआउट' ही सख्खी भावंडं आहेत.

मग दोघे सारखेच का? आमच्या मते नाही. शेअर म्हणजे धंद्यातली मालकी, आणि धंदा कमावतो म्हणून तिला किंमत. इथे हेतू आणि साध्य यांना जोडणारं कारण आहे. पुरावा खोटा निघू शकतो, पण रोख प्रवाह, कर, कर्ज यांच्याशी तो ताडून पाहता येतो. चार्टवर दोघे जण दोन वेगळ्या रेषा ओढतात आणि कोणाची खरी हे ठरवायला तिसरं काही उरत नाही. मात्र चार्टवाल्यांची एक सवय आम्हाला मोलाची वाटते: 'इथे मी चुकलो' हा आकडा ते आधी लिहितात. निदान त्यांतले शिस्तीचे लोक तरी.

हा नुसता वर्गातला वाद नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींवर. हे सगळे चार्टवालेच होते असं नाही, म्हणून हा आकडा त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून आम्ही वापरत नाही. पण यांतल्या किती जणांनी आपण कधी चुकलो म्हणायचं, हे आधी ठरवलं असेल?

तेव्हा त्या तरुण मित्राला उत्तर असं. हो, ते अनुमानच. ताळेबंद हेही अनुमानच. शेअर घेण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: का घेतला, काय घडलं तर माझं कारण खोटं, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत पाहणार. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर तुमच्याकडे अनुमान नाही, आशा आहे. आशा वाईट नव्हे, पण घरखर्चाचे पैसे तिच्या हवाली करू नयेत.

पुढच्या वेळी शब्दप्रमाण सविस्तर घेऊ. आता प्रश्न विचारा.