कंट्री संगीतातील परंपरानिष्ठ रसिकांची तक्रार : एक चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील ग्रामीण व श्रमजीवी समाजात रुजलेले आणि १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका व रेडिओ यांच्याद्वारे व्यवसायाचे रूप पावलेले संगीत ‘कंट्री संगीत’ या नावाने ओळखले जाते. फिडल, बँजो, गिटार आणि स्टील गिटार ही त्याची परिचित वाद्ये. तर कष्ट, दारिद्र्य, मद्य, मोडलेला संसार, पश्चात्ताप आणि श्रद्धा हे त्याचे परिचित विषय होत. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर त्याचे व्यावसायिक केंद्र आहे. या संगीताच्या निष्ठावंत रसिकांची एक तक्रार गेली अनेक दशके सातत्याने ऐकू येते. पुरस्कार सोहळ्यांत आणि मोठ्या कार्यक्रमांत कंट्री म्हणून जे सादर केले जाते ते वस्तुतः पॉप संगीतच असते, अशी ती तक्रार आहे.

ही तक्रार बहुधा दोन प्रकारे निकालात काढली जाते. एका मतानुसार ती वृद्ध श्रोत्यांची स्मरणरंजनाची हौस आहे. दुसऱ्या मतानुसार ती इतिहासाच्या अज्ञानातून आलेला शुद्धतेचा आग्रह आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि त्यांनी तक्रारीचा गाभा स्पर्शिला जात नाही. प्रस्तुत लेखात काही निवडक सादरीकरणांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, या तक्रारीची भाषा शुद्धतेची असली तरी तिचा खरा विषय जागेचा आहे. नव्याला प्रवेश देताना जुन्याची जागा काढून घेतली जाते आणि नाव मात्र जुन्याचेच वापरले जाते, ही त्यातील खरी वेदना होय.

शुद्धतेच्या दाव्याची मर्यादा

कंट्री संगीताचा आरंभकाळ पाहिला असता शुद्धतेचा दावा टिकत नाही. १९२७ साली राल्फ पीअर यांनी ब्रिस्टल येथे केलेल्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे कलावंत पुढे आले. रॉजर्स यांच्या गायनात कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि योडलिंगची पद्धती यांचा संगम होता. कार्टर कुटुंबाच्या गीतसंग्रहात लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाचा मोठा वाटा होता. हँक विल्यम्स यांनी संगीताचे पहिले धडे रूफस पेन या कृष्णवर्णीय पथगायकाकडून घेतले. बँजोचे मूळ आफ्रिकेत आहे, तर स्टील गिटारचे हवाई बेटांत. आज ज्या पेडल स्टील गिटारचा स्वर परंपरेची खूण मानला जातो, तो वेब पिअर्स यांच्या १९५४ च्या एका लोकप्रिय गीतातून प्रथम सर्वत्र पोहोचला. म्हणजे त्या वेळी ती नवीनच गोष्ट होती.

रिचर्ड पीटरसन यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कंट्री संगीताचा ‘अस्सलपणा’ हाच मुळी घडविलेला असतो, असे साधार दाखवून दिले आहे. रेडिओचालक, मुद्रिका कंपन्या, कलावंत आणि श्रोते यांच्या देवघेवीतून तो प्रत्येक पिढीत नव्याने निश्चित होतो. हे मान्य केल्यास ‘पूर्वीचे ते खरे’ हा युक्तिवाद गळून पडतो. परंतु त्यावरून ‘म्हणून सर्व काही सारखेच’ असा निष्कर्ष काढणेही युक्त ठरत नाही. घडविलेली गोष्ट मोलाची असू शकते, आणि ती हिरावली गेल्याचे दुःखही खरे असू शकते.

तक्रारीची परंपरा

पॉपच्या प्रभावाविषयीची तक्रार ही स्वतःच कंट्री संगीताच्या परंपरेचा एक भाग आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास रॉक अँड रोलने तरुण श्रोता आपल्याकडे ओढला, तेव्हा चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी ‘नॅशव्हिल साउंड’ घडविला. फिडल आणि स्टील गिटार मागे सारून त्यांनी व्हायोलिनवृंद व पार्श्वगायकांचा मऊ स्वर पुढे आणला. जिम रीव्हज आणि पॅट्सी क्लाइन यांची गाणी त्यामुळे शहरी घरांत पोहोचली. व्यवसाय वाचला; परंतु अनेक जुन्या श्रोत्यांना आपले संगीत परके झाल्यासारखे वाटले.

कंट्री म्युझिक असोसिएशन ही १९५८ साली स्थापन झालेली संस्था दरवर्षी पुरस्कार देते. १९७४ साली तिने ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या पॉप गायिकेस सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी अनेक कलावंत एकत्र आले आणि त्यांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढील वर्षी, १९७५ साली, चार्ली रिच यांनी सर्वोच्च पुरस्काराचे पाकीट उघडले, त्यावर जॉन डेन्व्हर यांचे नाव वाचले आणि व्यासपीठावरच तो कागद पेटवून दिला. त्यामागील हेतूबद्दल आजही मतभेद आहेत. येथे लक्षणीय गोष्ट अशी की, रिच यांचे स्वतःचे यशही पॉपच्या वळणाच्या गुळगुळीत गाण्यांवरच उभे होते.

रे प्राइस यांचे उदाहरण याहून बोलके आहे. नृत्यगृहांत वाजणाऱ्या ठसकेबाज कंट्री संगीताचे ते अग्रणी गायक होते. १९६७ साली त्यांनी मोठ्या वाद्यवृंदासह एक जुने आयरिश वळणाचे गीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा परंपरानिष्ठांनी त्यांना दूषणे दिली. २०१३ साली, ब्लेक शेल्टन या लोकप्रिय गायकाने जुन्या संगीताच्या चाहत्यांविषयी अनुदार उद्गार काढले असता, त्याला जाहीर उत्तर देणाऱ्यांत सत्त्याऐंशी वर्षांचे हेच रे प्राइस होते. पुढे शेल्टन यांनी दिलगिरी व्यक्त केली. ज्याच्यावर परंपरा मोडल्याचा आरोप झाला तोच शेहेचाळीस वर्षांनी परंपरेचा वकील झाला. या विसंगतीवरून असे दिसते की, वाद्यांची निवड हा या वादाचा अखेरचा निकष असू शकत नाही.

१९९९ चा प्रसंग

मग निकष कोणता? १९९९ च्या पुरस्कार सोहळ्यातील एक प्रसंग या प्रश्नाचे उत्तर देतो. त्या वर्षी जॉर्ज जोन्स यांच्या ‘चॉइसेस’ या गीताला नामांकन मिळाले होते. आयुष्यात केलेल्या चुकीच्या निवडींची कबुली देणारे हे गीत, मद्यासक्तीने होरपळलेल्या आणि त्याच वर्षी भीषण मोटार अपघातातून वाचलेल्या जोन्स यांच्या तोंडी विलक्षण अर्थपूर्ण झाले होते. सोहळ्याच्या निर्मात्यांनी त्यांना ते संक्षिप्त रूपात गाण्यास सांगितले. जोन्स यांनी नकार दिला आणि ते सोहळ्यास गेलेच नाहीत. ॲलन जॅक्सन हे आपले नियोजित गीत गात होते. ते त्यांनी मध्येच थांबविले, ‘चॉइसेस’चे धृपद गायिले आणि ते मंचावरून निघून गेले.

या प्रसंगात पॉपचा थेट संबंध कोठेच नाही. कोणी परका गायक नाही, कोणते परके वाद्य नाही. प्रश्न होता तो केवळ वेळेचा, म्हणजेच जागेचा. ज्यांच्या आवाजावर या संगीताची प्रतिष्ठा उभी राहिली, त्या गायकाला आपले एक गाणे पूर्ण गाण्याइतकीही जागा उरली नव्हती. जॅक्सन यांच्या कृतीला मिळालेला प्रतिसाद म्हणूनच इतका मोठा होता. पुढील वर्षी जॅक्सन आणि जॉर्ज स्ट्रेट यांनी ‘मर्डर ऑन म्युझिक रो’ हे गीत एकत्र गायिले. नॅशव्हिलच्या व्यवसायानेच जुन्या कंट्रीची हत्या केली, असा त्याचा आशय आहे. २००१ साली त्याच संस्थेने त्या गीताला सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार दिला. टीका पुरस्कारात सामावून घेण्याची व्यवसायाची ही क्षमता स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी.

वाद्यमेळ आणि आशय

जोन्स यांचे १९८० सालचे ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे गीत अनेक परंपरानिष्ठ रसिक कंट्री संगीताचा कळस मानतात. त्याचे निर्माते बिली शेरिल हे नॅशव्हिलच्या मऊ, भरजरी वाद्यमेळाचे प्रमुख शिल्पकार होते. या गीतातही व्हायोलिनवृंद आहे, पार्श्वगायन आहे. तरीही कोणी त्याला पॉप म्हणून नाकारले नाही. कारण त्यात मरेपर्यंत प्रेम न सोडलेल्या माणसाची कथा आहे, आणि सर्व वाद्ये त्या कथेच्या मागे उभी आहेत. गायकाचा स्वर कोठेही झाकला जात नाही.

२०१३ च्या सुमारास ‘ब्रो-कंट्री’ या उपहासात्मक नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या प्रवाहाशी याची तुलना करता येते. मालवाहू गाडी, थंड बिअर, शनिवारची रात्र आणि नाव नसलेली तरुणी या ठरावीक प्रतिमांची त्यात पुनरावृत्ती होते. यांत्रिक ठेका व रॅपची लय यांपेक्षा हा आशयाचा संकोच अधिक गंभीर आहे. १९५२ साली किटी वेल्स यांनी पुरुषी दोषारोपाला गीतातूनच उत्तर दिले होते. २०१४ साली मॅडी अँड टे या जोडीने ‘गर्ल इन अ कंट्री साँग’ या गीतातून या नव्या प्रवाहातील स्त्रीचित्रणाची थट्टा केली. त्यांचे संगीत आधुनिकच होते. परंतु उत्तर देण्याची परंपरा त्यांनी पुढे नेली.

बदलामागील यंत्रणा

रसिक आपला राग बहुधा मंचावरील गायकावर काढतात. वस्तुतः त्यामागील यंत्रणा अधिक जबाबदार आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा काढून टाकली. केंद्रांची मालकी थोड्या कंपन्यांच्या हाती एकवटली आणि गाण्यांची निवड स्थानिक निवेदकाच्या हातून बव्हंशी निसटली. २०१२ साली ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने आपल्या मुख्य कंट्री क्रमवारीची पद्धत बदलली. पूर्वी केवळ कंट्री केंद्रांवरील प्रसारण मोजले जात असे; आता विक्री, इंटरनेटवरील श्रवण आणि इतर सर्व प्रकारच्या केंद्रांवरील प्रसारणही मोजले जाऊ लागले. परिणामी पॉप केंद्रांवर वाजणारे गीत कंट्रीच्या यादीत वर जाणे सुलभ झाले. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे ‘क्रूझ’ हे गीत, नेली या रॅप गायकाच्या सहभागाच्या आवृत्तीचे बळ मिळून, चोवीस आठवडे अग्रस्थानी राहिले. कंट्री श्रोत्याचे मत त्याच्याच यादीत अल्पमतात गेले, असे म्हणता येईल.

तक्रारीचीही परीक्षा

तक्रार न्याय्य असली तरी तक्रारकर्त्यांचीही परीक्षा व्हावयास हवी. २०१५ च्या सोहळ्यात क्रिस स्टेपलटन यांनी जस्टिन टिंबरलेक या पॉप गायकासह गायन केले. त्यातील ‘टेनेसी व्हिस्की’ हे गीत पूर्वी जोन्स यांनीही गायिले होते. स्टेपलटन यांनी मात्र ते कृष्णवर्णीयांच्या सोल गायकीच्या अंगाने मांडले. परंपरानिष्ठांनी त्याचे मनापासून स्वागत केले. पुढील वर्षी बियॉन्से यांनी त्याच मंचावर ‘डॅडी लेसन्स’ हे गीत सादर केले. टेक्सास, वडील, बंदूक आणि शिकवण यांची कथा सांगणारे हे गीत आशयाच्या दृष्टीने कंट्रीच्या परंपरेस निकट होते. तरीही अनेक रसिकांनी त्याचा तीव्र निषेध केला. २०१९ साली लिल नॅस एक्स यांचे ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीच्या यादीतून वगळले गेले, जेव्हा तसाच ठेका गौरवर्णीय गायकांच्या गाण्यांत सर्रास स्वीकारला गेला होता.

येथे तक्रारीतील दुबळा दुवा उघड होतो. ओप्रीच्या आरंभीच्या लोकप्रिय कलावंतांपैकी एक असलेले कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली यांना १९४१ साली कार्यक्रमातून दूर करण्यात आले. कंट्रीच्या सन्मान-दालनात त्यांना स्थान मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. आपली जागा गेल्याचे दुःख सांगणाऱ्या रसिकाने पूर्वी कोणाची जागा काढून घेतली गेली होती, याचेही स्मरण ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा परंपरेचे रक्षण आणि वगळण्याची सवय यांतील सीमारेषा पुसली जाते.

समारोप

२०२५ च्या फेब्रुवारीत बियॉन्से यांच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी रेकॉर्डिंग अकादमीने या पुरस्काराची ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ अशी विभागणी जाहीर केली. वरवर पाहता परंपरानिष्ठांना हवी असलेली जागा त्यामुळे मिळाली. परंतु स्वतंत्र दालनात ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते, तशीच ती दैनंदिन व्यवहारातून दूरही जाते. शिवाय कोणाला पारंपरिक म्हणावयाचे हा जुनाच वाद आता परीक्षकांच्या दारी गेला आहे.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मिश्रण हा कंट्री संगीताचा जन्मधर्म आहे आणि त्याला दोष देणे व्यर्थ आहे. रसिकांचा न्याय्य आग्रह तीन गोष्टींपुरता असावा : गीतात सांगण्यासारखे काही असावे, ते सांगणारा स्वर झाकला जाऊ नये, आणि नव्याच्या शेजारी जुन्यालाही पूर्ण गाण्याइतकी जागा मिळावी. १९९९ च्या त्या रात्री जॉर्ज जोन्स यांनी मागितले होते ते एवढेच.