एकांकिकेतला कामगार कामावर कधी जाणार?

शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला भरले. अध्यक्ष होते डॉ. जब्बार पटेल. तो मान या शहराला शोभणाराच होता, कारण नाट्यगृहांची इथे वाण नाही. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचे निळू फुले रंगमंदिर, आणि आता प्राधिकरणातले गदिमांच्या नावाचे. पण या इमारतींच्या चारी बाजूंना जे जगणे चालू आहे, ते त्यांच्या रंगमंचावर क्वचितच चढते. माझी ही तक्रार आधी एकांकिकेकडे आहे, कारण या कारखान्यांच्या पट्ट्याला सगळ्यात सोयीचा नाट्यप्रकार तोच. चार-पाच नट, दोन लेव्हल, पाऊण तासाचा खेळ. शिफ्ट सांभाळूनही तालीम होते.

आपल्याकडे एकांकिका जगते ती स्पर्धांवर. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकाने पुण्याच्या आसपासच्या कॉलेजांतल्या कितीतरी पिढ्यांना नाटक शिकवले. नेपथ्याच्या झगमगाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांना महत्त्व देणारी ही स्पर्धा. २०२२ मध्ये तिच्या अंतिम फेरीच्या परीक्षकांनी मुख्य करंडक कोणालाच दिला नाही. पोरे हिरमुसली, बरीच चर्चा झाली. मला तो निर्णय कठोर वाटला आणि योग्यही. स्पर्धांमधून ‘संघर्षाची एकांकिका’ नावाचा एक ठरीव साचा गेली काही वर्षे घट्ट होत गेला आहे, आणि कोणीतरी थांबून हे म्हणायला हवे होते.

तो साचा प्रेक्षकांना पाठ आहे. निळा प्रकाश, पाठमोरी मुलगी. काळ्या कपड्यांतला कोरस ओढण्या हलवतो. बाप पितो, आई सोसते, समाज गोल फिरत हसतो. घंटा व्हायला पाच मिनिटे उरली की मुलगी प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायला लागते. पार्श्वसंगीत चढत जाते, टाळ्या पडतात, ब्लॅकआउट. मुलगी बहुतेक वेळा काम उत्तम करते, तिच्या डोळ्यांतले पाणी खरे असते. पण ती दिवसभर काय करते, खोलीचे भाडे किती देते, बसचा पास कोणाच्या पैशांतून काढते, यातले काहीच आपल्याला कळत नाही. तिचे दुःख खरे मानायला लागणारा तपशील लेखकाने गोळाच केलेला नसतो. मग जिद्द दाखवायला भाषणाशिवाय उरते काय?

हे असेच असायला हवे असे नाही. महेश एलकुंचवारांच्या ‘होळी’त होस्टेलच्या पोरांना सुट्टी नाकारली जाते, आणि तेवढ्यावरून उसळलेला संताप शेवटी त्यांच्यातल्याच एका दुबळ्या मुलावर कोसळतो. प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’ने जातीचा प्रश्न एका साध्या तहानेपाशी आणून ठेवला. जन नाट्य मंचाचे ‘मशीन’ हे १९७८ मधले हिंदी पथनाट्य जेमतेम पंधरा मिनिटांचे. त्यामागे गाझियाबादच्या एका कारखान्यातला गोळीबार होता, आणि कामगारांच्या मागण्या होत्या सायकल स्टँड आणि चहाच्या सोयीच्या. तिन्ही ठिकाणी मूळ गोष्ट हातात मावेल एवढी लहान आहे. सुट्टी, पाणी, चहा.

या पट्ट्याच्या मातीतली सगळ्यात मोलाची अलीकडची कृती मात्र नाशिकच्या लेखकाची आहे. प्राजक्त देशमुखांची ‘देवबाभळी’ आधी एकांकिका म्हणून स्पर्धांमध्ये गाजली, मग २०१७ मध्ये भद्रकालीने ‘संगीत देवबाभळी’ व्यावसायिक रंगभूमीवर आणले. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात काटा मोडतो, विठ्ठल तो काढतो, आणि रखुमाई लखुबाई होऊन गरोदर आवलीच्या घरी मदतीला राहते. नवरा देवाचा झालेली एक, आणि नवरा भक्तांचा झालेली दुसरी. दोघी घरातली कामे आवरता आवरता बोलतात. ‘मी कोण’ हा प्रश्न त्यांना भाषणात विचारावा लागत नाही, तो कामाच्या मधूनच वर येतो. ही गोष्ट देहूची. तिथली इंद्रायणी पुढे आळंदीला पोचते तेव्हा कित्येकदा पांढऱ्या फेसाने भरलेली असते, आणि तुकोबांच्या चिंतनाच्या भामचंद्र डोंगरापर्यंत आज चाकणची एमआयडीसी येऊन ठेपली आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी भाड्याच्या खोल्यांमध्ये कोण राहते, हे लिहिणारी एकांकिका मला हवी आहे.

चाकणभोवतीची गावे : महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी. एका खोलीत लातूर, नांदेड, बुलढाण्याची पोरे, आयटीआय केलेली, कंत्राटदाराकडे लागलेली. फर्स्ट शिफ्टवाला उठून जातो तेव्हा नाइटवाला येऊन त्याच गादीवर पडतो. एका खोलीचे भागीदार, पण आठवडाभर एकमेकांचे तोंड दिसत नाही. काही महिने झाले की कंत्राटदार ‘ब्रेक’ देतो, म्हणजे घरी बसवतो. गावी मात्र सांगितलेले असते की पोरगा कंपनीत पर्मनंट आहे, आणि त्याच भरवशावर सोयरीक जुळत आलेली असते. आता मुलीकडचे खोली बघायला येणार. सेट एकच, माणसे पाच, आणि या माणसाने स्वतःला काय म्हणवून घ्यायचे हा पेच अगदी उघडा. इथे कोरस लागत नाही, निळा प्रकाशही लागत नाही.

तृतीयपंथीयांवरच्या एकांकिकांचेही तसेच. साडी, टाळी, घरातून हकालपट्टी, शेवटी मरण. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. वर्दी चढली, पगार सुरू झाला. डबा खायला शेजारी कोण बसते, कपडे बदलायला जागा कुठली, पगारातून घरी पैसे पाठवले तर आई ते घेते का? मरणापेक्षा या प्रश्नांत जास्त नाटक आहे.

मोठ्या घटनाही तशाच पडून आहेत. गिरणी संपाने मोडलेल्या घराचे ‘अधांतर’ जयंत पवारांनी १९९७ मध्ये लिहिले, गिरणगावाला आपले नाटक मिळाले. पिंपरीच्या टेल्को कामगारांचे १९८९ मधले शनिवारवाड्यावरचे उपोषण आणि ते मोडून काढणारी पोलिसी कारवाई या शहराच्या आठवणीत आहे, पण त्यावर चटकन नाव घ्यावे असे नाटक नाही. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेने हौशी कामगार नटांना मंच दिला, त्याचे ऋण मोठे आहे. पण तिथेही यंत्रावर आठ तास उभा राहणारा माणूस अनेकदा कोणाच्या तरी जुन्या वाड्यातला थोरला भाऊ होऊन मंचावर येतो. संध्याकाळी तोच माणूस लाइन का थांबली, कोणाचा हात थोडक्यात वाचला, हे इतक्या रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याने चहा विसरावा. ते बोलणे संहितेत यायला हवे. त्यासाठी कॉलेजच्या लेखकाने कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर बसावे, आणि कामगाराने स्वतः लिहावे. दुसऱ्याची मला जास्त आशा आहे.

आयोजकांकडून एक साधी गोष्ट होऊ शकते. स्पर्धांच्या फेऱ्या आणि प्रयोग शनिवार-रविवारी ठेवण्याची रीत आहे. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी मात्र गुरुवारी असते. त्या दिवशी भोसरीचा बाजार कामगारांनी फुललेला असतो. नाशिक रस्त्याने चाकणहून येणाऱ्याला भोसरीचे लांडगे नाट्यगृह सगळ्यात जवळचे. तिथे गुरुवारी दुपारी तीन एकांकिका लावाव्यात, तिकीट मेसच्या एका जेवणाएवढे ठेवावे, आणि परीक्षकांच्या रांगेत एक खुर्ची लाइनवर काम करणाऱ्या बाईला द्यावी.