वेष्टन, खेळणे आणि संग्रह : कर्जत-खालापूरच्या निमित्ताने काही प्रश्न

मराठी साहित्यव्यवहारात ‘संग्रह’ हा शब्द इतका रुळलेला आहे की, त्याच्याकडे संज्ञा म्हणून पाहण्याची गरज सहसा भासत नाही. कवितासंग्रह, कथासंग्रह, लेखसंग्रह या शब्दांत निवड, क्रम आणि वगळणूक या तीन क्रिया गृहीत असतात. वस्तूंच्या संग्रहातही याच क्रिया घडतात. परंतु तेथे त्यांची चर्चा छंद, हौस किंवा मानसशास्त्र या सदरांखाली होते, अर्थनिर्मितीच्या सदराखाली होत नाही. चित्रपटांच्या निमित्ताने उपाहारगृहांच्या साखळ्या जी खेळणी, पेले, खोकी आणि पिशव्या वाटतात, त्यांचा संग्रह हे या संदर्भात मुद्दाम तपासण्याजोगे उदाहरण आहे. येथे चित्रपट ही एक संहिता, खाद्यपदार्थ ही दुसरी वस्तू आणि खेळणे हे त्या दोहोंना जोडणारे चिन्ह अशी तिहेरी रचना आढळते. या रचनेत मुख्य काय आणि आनुषंगिक काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

या प्रथेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने 1979 साली ‘हॅपी मील’ हा मुलांसाठीचा खाऊचा डबा देशभर आणला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ या चित्रपटाशी त्याची सांगड घातली. 1996 मध्ये ‘101 डाल्मेशियन्स’च्या निमित्ताने एकशे एक निरनिराळी कुत्री काढण्यात आली. डिस्नेशी झालेला दहा वर्षांचा करार 2006 पर्यंत चालला. 1996 च्या ऑक्टोबरात ही साखळी दिल्लीत आणि मुंबईत आली, तेव्हा खाऊबरोबर खेळणे हा व्यवहारही तिच्यासोबत या देशात आला. आर्थिक उदारीकरणानंतरच्या दशकात वाढलेल्या शहरी मराठी मध्यमवर्गीय मुलांच्या स्मृतीत म्हणूनच हे प्लॅस्टिकचे प्राणी आणि वीरपुरुष घट्ट बसलेले आहेत.

हे खेळणे कधी एकटे येत नाही. ते मालिकेत येते आणि मालिकेतील एखादेच नग एका आठवड्यात मिळते. म्हणजे अपूर्णता हा येथे अपघात नसून रचनेचाच भाग आहे. मराठी वाचकाला ही रचना अपरिचित नाही. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली सुरू केलेल्या ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘क्रमशः’ या एका शब्दावर वाचकाचे पुढचे येणे अवलंबून होते. तथापि दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. क्रमशः कादंबरीत पुढचा भाग मागच्या भागाचा अर्थ बदलतो. खेळण्यांच्या मालिकेत पुढचे नग मागच्याच्या शेजारी केवळ उभे राहते. पहिल्या ठिकाणी कथन आहे, दुसऱ्या ठिकाणी यादी आहे. जाँ बोद्रियार यांनी 1968 च्या आपल्या वस्तुव्यवस्थेवरील ग्रंथात संग्रहातील उणिवेला जे महत्त्व दिले आहे, ते या यादीला तंतोतंत लागू पडते. न मिळालेली वस्तू हीच संग्रहाची प्रेरक शक्ती असते, आणि संग्रह पूर्ण झाला की संग्राहकाच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही.

जेरार जेनेत यांनी 1987 मध्ये मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका यांना संहितेच्या उंबरठ्यावरचे घटक मानून परिसंहितेची कल्पना मांडली. परिसंहिता संहितेच्या सेवेत असते, हे त्यांचे गृहीतक होते. प्रस्तुत व्यवहारात हे गृहीतक उलटते. खेळणे चित्रपटाची जाहिरात करते, म्हणून ते चित्रपटाची परिसंहिता. ते खाऊबरोबर फुकट मिळते, म्हणून खाऊचीही परिसंहिता. परंतु 1997 साली अमेरिकेत कापडी प्राण्यांच्या ‘टीनी बीनी’ मालिकेच्या वेळी प्रौढ ग्राहकांनी खेळण्यासाठी खाऊ घेतला आणि खाऊ टाकून दिला. पुढे 2017 मध्ये, ‘मुलान’ या 1998 च्या चित्रपटाच्या निमित्ताने निघालेले एक चटणीसारखे तोंडीलावणे एका दिवसासाठी पुन्हा विक्रीस आले, तेव्हा त्याच्या पाकिटांसाठी झुंबड उडाली. त्यामागे मूळ चित्रपटाची आठवण नव्हती. एका दूरदर्शन-मालिकेतील पात्राने काढलेला त्या तोंडीलावण्याचा उल्लेख, एवढेच निमित्त होते. संहिता गळून पडली आणि उंबरठा तेवढा उरला. परिसंहितेला स्वतःचे आयुष्य असू शकते, आणि ते मुख्य संहितेच्या विस्मरणावरही पोसले जाऊ शकते, हा यातून निघणारा निष्कर्ष साहित्यालाही लागू आहे. ज्यांची मुखपृष्ठे सर्वांना ठाऊक आहेत पण ज्यांची पाने फारशी उलटली जात नाहीत, अशी पुस्तके कोणत्याही भाषेत सापडतात.

संग्राहकांच्या बाजारात न उघडलेल्या पिशवीतील खेळण्याला उघडलेल्या खेळण्यापेक्षा अधिक मोल येते. खेळले न गेलेले खेळणे हे सर्वोत्तम खेळणे, असा हा विरोधाभास आहे. वॉल्टर बेंजामिन यांनी 1931 सालच्या आपल्या ग्रंथसंग्रहावरील निबंधात, पुस्तके न वाचणे हे संग्राहकाचे लक्षणच असल्याचे मिश्कीलपणे सुचवले होते. पण त्यांच्या संग्राहकाला प्रत्येक प्रतीचा पूर्वेतिहास, तिचे जुने मालक, ती सापडली ते गाव हे सारे प्रिय होते. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीला असा पूर्वेतिहास नाही. किंबहुना तो नसणे हीच तिची गुणवत्ता ठरते. रोलाँ बार्थ यांनी 1957 मध्ये फ्रेंच खेळण्यांविषयी लिहिताना लाकूड आणि प्लॅस्टिक यांतील जो भेद नोंदवला, तो सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांशी ताडून पाहता येतो. सावंतवाडीच्या फळावर वा भातुकलीच्या भांड्यावर चितारी आळीतील हाताची खूण असते, आणि खेळणे गावाच्या नावाने ओळखले जाते. खाऊच्या डब्यातील वीरपुरुष मात्र चित्रपटाच्या नावाने ओळखला जातो. तो जेथे घडला त्या कारखान्याचे नाव संग्राहकाच्या यादीत आले तरी ते केवळ अस्सलपणाचा पुरावा म्हणून येते.

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या अंतर्भागातील दोन तालुक्यांचा विचार या ठिकाणी आवश्यक ठरतो, कारण चित्रपट, प्रवास आणि खाणे या तिन्हींचे मार्ग तेथे एकमेकांना छेदतात. नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 साली उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’ (2008) या चित्रपटासाठी मोगलकालीन वास्तूंचे भव्य देखावे उभे राहिले. पडद्यावर या भूमीला तिचे स्वतःचे नाव नाही. ती आग्रा होते, आमेर होते. खोपोलीजवळ 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका या उद्यानात ‘मिस्टर इंडिया’ (1987) हा चित्रपट एका सफरीच्या रूपाने पुन्हा भेटतो. 2002 पासून पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्यालगत फूड मॉल आहे. म्हणजे चित्रपटाचा देखावा येथे घडतो, चित्रपटाची स्मृती येथे विकली जाते आणि साखळी-उपाहारगृहांचा छापील पेला हाती घेऊन प्रवासी येथूनच पुढे जातो. यांपैकी कशावरही कर्जतची वा खालापूरची खूण उमटत नाही.

सुझन स्ट्युअर्ट यांनी 1984 मध्ये स्मरणवस्तू आणि संग्रह यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. स्मरणवस्तू ती बाळगणाऱ्याची गोष्ट सांगते. संग्रह मात्र इतिहासाच्या जागी वर्गीकरण आणतो. फूड मॉलमधील पेला ‘त्या प्रवासात घेतलेला’ म्हणून घरी ठेवला तर तो स्मरणवस्तू होतो, ‘सहांपैकी चौथा’ म्हणून ठेवला तर संग्रहातील नग होतो. दुसऱ्या प्रकारात स्थळाची गरजच उरत नाही. तो पेला कोणत्याही शहरात मिळाला असता.

याच्या अगदी उलट टोकाला कर्जत स्थानकावरचा बटाटेवडा आहे. बोरघाटाच्या 1:37 या चढासाठी गाड्यांना येथे जादा इंजिने जोडली जातात. त्या थांब्याने फलाटावरच्या खाण्याला गिऱ्हाईक दिले आणि दिवाडकरांचा वडा गावाचे दुसरे नाव होऊन बसला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीला रमाकांतच्या वड्यानेही असेच स्थान मिळवले. महाराष्ट्रभर असा वडा वर्षानुवर्षे रद्दीच्या वर्तमानपत्रात बांधला गेला, आणि त्या तुकड्यावर पुष्कळदा एखाद्या चित्रपटाची जाहिरातही असे. चित्रपट आणि खाणे यांची सांगड येथेही आहे. पण ती कोणत्याही कराराने घातलेली नाही. तेल लागून पारदर्शक झालेल्या त्या नायकाच्या चेहऱ्याचा संग्रह कोणी केला नाही.

का केला नाही, याचे उत्तर मायकेल थॉम्प्सन यांच्या 1979 च्या कचराविषयक सिद्धान्तात शोधता येते. त्यांच्या मते काही वस्तूंचे मोल काळानुसार घटते, काहींचे वाढते, आणि पहिल्या गटातील वस्तू दुसऱ्या गटात जायची तर तिला मधल्या मोलशून्य, म्हणजे कचऱ्याच्या अवस्थेतून जावे लागते. खाऊच्या डब्यातील खेळणे हा प्रवास टाळते. ते जन्मतःच ‘संग्राह्य’ असल्याचे जाहीर केलेले असते. वड्याचा कागद मात्र बातमी, रद्दी, पुडी आणि कचरा अशा चार अवस्थांतून जाऊन नाहीसा होतो. यात स्मरणरंजनाला जागा नाही. छपाईच्या शाईतील घातक द्रव्यांमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये वर्तमानपत्रात अन्न बांधण्याविरुद्ध इशारा दिला, तो योग्यच होता. परंतु त्याचा एक अर्थशास्त्रीय नसलेला परिणामही नोंदवायला हवा. वेष्टन आता एकतर कोरे असते किंवा मुद्रांकित असते. योगायोगाने हाती येणारा, कोणीही वाचकासाठी न योजलेला मजकूर वेष्टनावरून हद्दपार होत गेला.

हा तोटा किती मोठा, हे मराठी साहित्यानेच दाखवून दिले आहे. ‘जिणं आमुचं’ (1986) लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांनी फलटणच्या आपल्या दुकानात माल बांधण्यासाठी आणलेली वर्तमानपत्रे वाचत वाचनाशी सुटलेला धागा पुन्हा जोडला, आणि घरच्यांच्या नकळत लिहिले. पुडीचा कागद ही तेथे परिसंहिता नव्हती, ती वाचनालयाची जागा घेणारी संहिता होती. ज्यांना पुस्तक विकत घेता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत छापील शब्द वेष्टनाच्या मिषाने पोहोचला. चित्रपटाच्या खेळण्याची छापील पेटी मात्र आपला वाचक आधीच ठरवून येते. तो मूल असतो, ग्राहक असतो, आणि पुढील आठवड्यात परत येणारा असतो. अनपेक्षित वाचकाला तिच्यात दार नाही.

अशा वस्तूंचा विचार हा समाजशास्त्राचा विषय आहे, समीक्षेचा नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला एक उत्तर पुण्यात उभे आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्याच्या वस्तू जमवल्या आणि दिवंगत मुलाच्या नावाने उभारलेले ते संग्रहालय 1975 साली शासनाच्या स्वाधीन केले. त्यांच्या संग्रहातील अडकित्ता हा मालिकेतील नग नाही. प्रत्येकाचा घाट वेगळा आहे आणि वापरणाऱ्या हाताने तो झिजलेला आहे. कवीची निवड वस्तूंवर चालली म्हणजे काय होते, याचा हा पाठ आहे. मात्र केळकरांच्या दृष्टीला सौंदर्याची कसोटी होती. मोलहीन, कुरूप, एकसारख्या, कारखान्यातून लाखोंनी निघणाऱ्या वस्तूला कोणती कसोटी लावायची, हा प्रश्न त्यांच्यानंतरच्या काळाचा आहे, आणि तो सौंदर्यशास्त्राने टाळता येणार नाही.

मराठीत या प्रश्नासाठी एक क्रियापद हाताशी आहे. ‘वेचणे’ या धातूपासून पाठ्यपुस्तकातला ‘वेचा’ आला आणि ‘कचरावेचक’ही आला. 1993 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेने ‘कागद काच पत्रा’ हे वर्गीकरणच आपल्या नावात घेतले. फूड मॉलच्या मागल्या अंगाला पडलेल्या पेल्यांकडे संग्राहकही पाहतो आणि वेचकही. पहिला त्यातून चित्रपट निवडतो, दुसरा त्यातून कागद निवडतो. दोघेही वाचकच आहेत. फरक इतकाच की पहिल्याच्या वाचनाला कपाट मिळते, दुसऱ्याच्या वाचनाला वजनावर भाव मिळतो. समीक्षेने आजवर ‘वेचा’ काय असावा याची पुष्कळ चर्चा केली आहे. तो वेचला कोणी, आणि ज्याला कोणी वेचले नाही त्याचे काय झाले, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली आहे. खेळण्यांच्या आणि वेष्टनांच्या संग्रहाचा अभ्यास तेथून सुरू व्हावा. कर्जतच्या फलाटावरचा तेलकट कागद त्या अभ्यासात पुरावा म्हणून कधीच सादर करता येणार नाही. म्हणूनच त्याच्या अभावाची नोंद करणे हे समीक्षेचे काम ठरते.